एक तोळा

दुपारच्या सराफ्यात कचोरीचा वास नसतो,
पंख्याची घरघर असते, आणि फुंकणीची फूं.
राधेश्याम सोनींनी माझी पुडी सोडली,
चिमट्यानं उचलून ते काट्यावर ठेवलं:
नखाएवढी हिरवी पट्टी,
सूर्यावर चालणारे दोन काळे तुकडे,
केसासारखी तार, गुंडाळलेली.
"ग्यारह ग्राम साठ. तोले से ज़रा कम."

मागच्या खेपेला याच काट्यावर
मी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या.
तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं, कशासाठी.
आज विचारलं.
म्हटलं, हे पृथ्वीला प्रदक्षिणा घालणार आहे.
जरा विचार करून म्हणाले,
"पॉलिश लगा दूँ?"

पट्टीवरचे सांधे यतीन खांबेटेचे.
वय एकोणीस, बोलणं अर्धं इंदुरी,
डाग देताना श्वास धरून बसतो.
आपल्याकडे दागिन्यालाही डागच म्हणतात,
हे त्याला माहीत नव्हतं.
मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते,
दुसऱ्यांचे आवाज दुसऱ्यांना जोडत.
माझ्या स्वतःच्या नावानं हवेत बोलायचं लायसन
साठीनंतर काढलं.

परवानगीच्या कागदाला तीन महिने लागले.
मग पौषातली पहाट, बिलावलीचा काठ.
उदबत्ती लावून पाहिली,
धूर सरळ वर.
दोन रुपेरी फुगे, अर्धेच भरलेले, लुळे.
"पूर्ण भरले तर वर जाऊन फुटतील, मावशी."
ओझ्यापेक्षा ओढ फक्त पाच ग्रॅम जास्त,
अर्ध्या सुपारीएवढी.
पतंगाचा मांजा बोट कापतो, सांगतो काहीतरी.
हा सुटला तेव्हा
हाताला काही कळलंच नाही.

बॅटरी नाही. ऊन असेल तोवर बोलतो,
झिरोच्या बल्बच्या हजाराव्या हिश्शाच्या जोरावर
दर दहा मिनिटांनी तेच:
माझं नाव, कुठे आहे, किती उंच.
अंधार पडला की मुका.
भोपाळ, मग बंगाल, मग कुणी ओळखीचं नाही.
तिसऱ्या दिवशी होक्काइदोच्या एका म्हाताऱ्यानं ऐकला
आणि कळवलं:
बारा हजार एकशे मीटर. थंडी फार आहे.
त्याच्याकडे की वर, ते लिहिलं नव्हतं.

माझं घड्याळ बिघडलं ते तेव्हापासून.
कुकरची दुसरी शिटी होते
आणि मी म्हणते, आता अलास्काखाली उजाडलं असेल.
रात्री अडीचला उठून बसते,
कुणाची तरी सकाळ ऐकायला.
पाच दिवस काहीच नाही.
यतीन फिरकला नाही; मीही फोन केला नाही.
वरण खारट झालं, तेच खाल्लं.
दहाव्या दिवशी मोरोक्को.

सतराव्या दिवशी, भर दुपारी,
शिवपुरीच्या आसपास कुठून तरी
तो पुन्हा आपल्या मुलखावरून गेला.
आम्ही लोकमान्य नगरच्या गच्चीवर
उत्तरेकडे माना वर करून उभे.
दिसणार नव्हताच. एवढ्या लांबून डोंगर दिसत नाही.
पण कानात त्याची ती बारीक शीळ,
आणि यतीन ओठांनी आकडे मोजत होता.
शेजारच्या गच्चीवरून कमलताई रेगे:
"काय गं, कावळे हाकताय? पापड घातलेत का?"
"नाही हो," म्हटलं,
आणि पुढे काय सांगावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या फेरीत तो पॅसिफिकवर खर्ची पडला.
संध्याकाळी बोलला, सकाळी नाही.

फाल्गुनात दुसरी पुडी घेऊन गेले.
"वो पहलेवाला लौटा क्या?"
येऊन गेला, म्हटलं. थांबला नाही.
सोनींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"इतना घूमा है तो घिसा होगा कुछ.
वापसी में कितना था?"
याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.
काट्यावर शून्य होतं,
पंख्याच्या वाऱ्यानं जरासं
खालीवर होणारं.